माझ्या शिलाईची गाडी

३ फेब्रुवारी

मिळालं! लायसन्स मिळालं!

दुसऱ्या खेपेला मिळालं, पण मिळालं. पहिल्या खेपेला गाडी मागे घेताना खांब आडवा आला होता. (खांब तिथे पहिल्यापासून होता, असं परीक्षकाचं म्हणणं.) आज खांबही सरळ वागला आणि मीही. शिकवणाऱ्या मास्तरांनी परवाच सांगून ठेवलं होतं, "बाकी काही असो, ताईंचा पाय हलका आहे." असणारच! सव्वीस वर्षं मशिनचं पायडल दाबतेय. जरा दाबलं की जरा, जास्त दाबलं की जास्त. गाडीला सुई नाही, एवढाच काय तो फरक.

घरी आल्यावर ह्यांना कार्ड दाखवलं. चष्मा लावून बराच वेळ बघत बसले. म्हणाले, "फोटोत फरारी वाटतेस."

एकोणपन्नासाव्या वर्षी लायसन्स. आमच्या अख्ख्या माहेरात बाईमाणसाचं पहिलं. मी आज फारच खूश आहे, आणि ते इथे लिहिल्याशिवाय झोप लागणार नाही.

५ फेब्रुवारी

आता गाडी. नवी नाही परवडणार, जुनीच घ्यायची. पण घ्यायची म्हणजे घ्यायची.

आठ-आठ फुटांचे रॉड, पडद्यांचे गठ्ठे, ड्रिल, शिडी — किती वर्षं टेम्पोवाल्याच्या मिनतवाऱ्या करायच्या? 'येतो ताई, पाच मिनिटांत' असं म्हणून दोन तास येत नाही. नव्या इस्पितळाचं काम येऊ घातलंय, चौऱ्याऐंशी खिडक्या! एवढं मोठं काम मला जन्मात मिळालेलं नाही. त्यांची अटच आहे: सामान स्वतःच्या वाहनाने आणायचं, ठरल्या वेळेला, ते मार्चच्या मध्यापासून.

पैशांची तजवीज डिसेंबरातच झाली. कोपऱ्यावरच्या कापडवाल्याने एका गाड्यांच्या व्यापाऱ्याचं काम आणून दिलं होतं. नऊ गाड्यांच्या सीटांची कव्हरं. पडदे आणि सोफे सोडून मी कधी दुसरं शिवलं नव्हतं. जुनी कव्हरं उसवली, माप घेतलं, नवी शिवली. नऊच्या नऊ. एकही परत आलं नाही! आणि प्रत्येकाच्या आतल्या कडेला, जिथे कुणी बघत नाही तिथे, लाल दोऱ्याचे तीन टाके. ती माझी सही. आईची सवय, माझ्या हातात उतरली.

८ फेब्रुवारी

सगळ्यांचं एकच टुमणं, "भाऊजींना घेऊन जा."

धाकट्या दिरांनी आजवर तीन गाड्या घेतल्या. म्हणून घरातलं गाड्यांचं खातं त्यांच्याकडे. मी म्हटलं, मी बघते आधी. तर हसत हसत म्हणाले, "वहिनी, गाडी म्हणजे पडद्याचं कापड नव्हे, हात लावून घ्यायला!"

हसले मीही. पण लागलं. माझी गाडी मीच निवडणार. आता तर नक्कीच.

ह्यांना विचारलं, येता का बघायला? "मला गाडी चालू नसली तरी मळमळतं," म्हणाले. वाचनालयात पुस्तकं मांडणारा माणूस, कपाटं हलत नाहीत म्हणूनच तिथे टिकलाय.

११ फेब्रुवारी

चार गाड्या पाहिल्या.

पहिलीचं दार फक्त बाहेरून उघडतं. "मॅडम, तुम्हाला कुणीतरी उघडून देईलच की!" म्हणे. कोण? टेम्पोवाला? दुसरीत रॉड मावत नाही. तिसरी चालवताना एवढी थरथरली की माझे कानातले पण वाजले. चौथी चांगली होती, मालक वाईट होता. मी प्रश्न विचारायचे आणि तो उत्तरं रस्त्याने जाणाऱ्या पुरुषांना द्यायचा.

१५ फेब्रुवारी

सापडली!! निळी. पाच वर्षांची. मागची सीट पाडली की आठ फुटी रॉड तिरका आरामात जातो, टेपने मोजून पाहिलं.

पण खरी गंमत पुढेच. आत बसले, सवयीने सीटच्या शिवणीवरून बोट फिरवलं. कॉफी रंगाचं कापड, कडेने दोरी घालून शिवलेलं दुहेरी पायपिंग. म्हटलं, वा, कुणी शिवलंय? बोट खाली कडेला गेलं आणि लागले — तीन टाके! वाकून पाहिलं. लाल! हे तर माझंच!

मी एकटीच मोठ्याने हसले. व्यापारी धावत आला. "काय झालं ताई?" म्हटलं, ही कव्हरं मी शिवलीत. तोही हसला. चहा मागवला. म्हणाला, "मग तर ताई, ही गाडी तुमचीच वाट बघत होती." बाकीच्या आठही विकल्या गेल्या, एवढी एकच उरलीय, असंही म्हणाला.

लगेच विसार दिला. बॉनेटसुद्धा उघडायला लावलं नाही! संध्याकाळी भाऊजी जाऊन बघून आले. बॉनेट उघडून, मान डोलावून. फोन केला, "वहिनी, नशीब काढलंत."

नशीब नाही हो. माझी शिलाई.

१६ फेब्रुवारी

निळी, निळी, निळी.

१८ फेब्रुवारी

आज एका गिऱ्हाइकाकडे गेले होते. नळ फुटून घरात गुडघाभर पाणी झालं होतं, सोफा दोन दिवस त्यात. कव्हर उसवलं तर आतून भपकन वास आला. कुबट, चिखलाचा.

आणि हात तिथेच थांबले. हा वास मी आधी घेतलाय! डिसेंबरात. मापाला दिलेली ती जुनी कव्हरं — असाच वास होता. तेव्हा कापडवाला म्हणाला होता, "गोदामात ओल आहे हो." मी तीनदा धुऊन मग उसवायला घेतली होती. धुतल्यावर पाणी मातकट झालं होतं. तेही आता आठवतंय.

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या शहरात नदी घुसली होती.

नऊ गाड्यांच्या सगळ्या सीटा एकदम कशा खराब होतील? हा प्रश्न मी तेव्हा का नाही विचारला? कारण काम मोठं होतं. कारण मी हुरळले होते. मेंढी लागली लांडग्याच्या पाठी!

१९ फेब्रुवारी

गेले. म्हटलं, जरा परत बसून बघते.

सीटचा पट्टा ओढला. सगळे हातभर ओढून सोडतात. मी पार शेवटापर्यंत ओढला. शेवटचं वीतभर कापड तपकिरी. सरळ रेघ, पाण्याने आखलेली. मग माझ्याच कव्हरचे हूक माझ्याच हाताने काढले. खालची स्प्रिंग गंजून लाल. फोममध्ये नख घातलं तर माती. वाळलेली, बारीक, नदीची.

वर माझे तीन टाके. इतके सुबक. मला माझ्या हातांची लाज वाटली, आयुष्यात पहिल्यांदा.

व्यापाऱ्याला म्हटलं, ही गाडी पुरातली आहे. आधी नाही म्हणाला. मग पट्टा दाखवला. मग म्हणाला, निम्म्या किमतीत घ्या. मी म्हटलं, फुकट दिलीत तरी नको. आणि बाकीच्या आठ?

तोवर 'ताई' होते, तिथून 'बाई' झाले. "आठ घरं खूश आहेत, बाई. आणि तोंड उघडायचं असेल तर जपून. आतली घाण झाकली कुणी? मी तर सुई पण धरली नाही कधी."

विसार बुडला. बुडू दे. निम्म्या किमतीला नाही म्हटलं याचा मात्र आज अभिमान आहे मला. मान ताठ ठेवून फाटकाबाहेर आले.

२० फेब्रुवारी

ह्यांना सगळं सांगितलं. पुस्तक मिटून ऐकलं, म्हणजे त्यांनाही धक्का बसला.

"तू शिवलंस. फसवलं त्याने."

"पण झाकलं मी."

"तुला माहीत नव्हतं."

"विचारलं असतं तर झालं असतं."

मग म्हणाले, "इस्पितळाचं काम हातात येऊ दे. पोलीस, कचेऱ्या यात नाव आलं तर ते देतील का तुला? सव्वीस वर्षांचं नाव आहे तुझं." खोटं नाही बोलले. कागदावर सही व्हायचीय अजून.

भाऊजींना एवढंच सांगितलं, गाडी मनातून उतरली. त्यांनी डोलावलेली मान खाली घालायला लावू कशाला? ते रुसलेत. रुसू देत.

२४ फेब्रुवारी

काही लिहावंसं वाटत नाही.

२७ फेब्रुवारी

आजची बाई म्हणजे कमाल!

निवृत्त नर्स. सगळे 'सिस्टर'च म्हणतात, मीही म्हटलं. राखाडी गाडी, अकरा वर्षांची. मांजराने सीटांच्या चिंध्या केल्यात. गुडघे गेले म्हणून विकतायत. पण गाडी कुणालाही द्यायची नाही! आधी गिऱ्हाइकाची परीक्षा. स्वतः शेजारी बसल्या, हातात काठोकाठ भरलेला चहाचा कप. म्हणाल्या, "चौकापर्यंत जाऊन या. माझ्या साडीवर सांडला तर नमस्कार." माझ्याआधीचे दोघे नापास झालेले.

मी निघाले. मशिनवर रेशीम असलं की धरते तसा पाय धरला. चौक, वळण, तो मेला गतिरोधक, परत. सिस्टरांनी कप माझ्यापुढे धरला. थेंब नाही सांडलेला! मग शांतपणे चहा प्यायल्या. गार झाला होता, तरी प्यायल्या.

"तुमचीच," म्हणाल्या. "पण मेकॅनिककडून तपासून घ्या. माझ्यावर विश्वास ठेवू नका. कुणावरच ठेवू नका."

म्हटलं, ते शिकलेय आता. पट्टे शेवटापर्यंत ओढून पाहिले. चारही स्वच्छ. हसल्या. "हे आजवर कुणी केलं नव्हतं."

३ मार्च

मेकॅनिकने गाडी वर उचलून तासभर पाहिली. मीही खाली शिरून पाहिली, कळलं नाही तरी. "क्लच वर्षभरात बदलावा लागेल. बाकी बाईने लेकरासारखी ठेवलीय." मी विचारलं, पुरातून निघालेली गाडी असली तर काय होतं? म्हणाला, "चालते, चालते, आणि एक दिवस भर रस्त्यात वायरिंग जातं. फुगायच्या वेळी एअरबॅग फुगत नाही. रामभरोसे."

हे त्याने पान्हा पुसत पुसत सांगितलं. मी ते घरी घेऊन आले.

५ मार्च

गाडी माझ्या नावावर! राखाडी, फाटकी, माझी. दारात लावली आणि पाच वेळा खिडकीतून पाहिली.

भाऊजी आले. फेरी मारली, टायरला लाथ मारली (का मारतात?), बॉनेट उघडलं. मग अचानक म्हणाले, "वहिनी, ही त्या निळीपेक्षा चांगली आहे. मला त्या दिवशी खरं काहीच कळलं नव्हतं." एवढं मोठं मन करून बोलले, मला भरून आलं. म्हटलं, बसा, फिरवून आणते.

हे पण बसले! मागे, पिशवी हातात धरून. पिशवी लागली नाही. घरी येऊन म्हणाले, "तुझ्या हाती मळमळत नाही." लग्नाला पंचवीस वर्षं झाली, याहून मोठं कौतुक मिळालेलं नाही.

७ मार्च

इस्पितळाच्या व्यवस्थापक बाई गाडी बघून हसल्या, पण कामाचा कागद पुढे केला. सही सोमवारी. चौऱ्याऐंशी खिडक्या! सिग्नलला उभी राहून एकटीच गुणगुणत होते.

८ मार्च

आज सिग्नलला शेजारी एक गाडी थांबली. पांढरी. काच खाली होती. कॉफी रंगाची सीट, दुहेरी पायपिंग.

माझी.

चालवणारा तरुण, शेजारी त्याची बायको, मागे तीन-चार वर्षांची मुलगी. पट्टा छातीवर करकचून बांधलेला. पायाने माझ्या पायपिंगवर ताल धरत होती. मला बघून तिने जीभ दाखवली. मीही दाखवली.

हॉर्न वाजवायला हवा होता. ओरडायला हवं होतं. काय ओरडू? दिवा हिरवा झाला आणि ती गेली. नंबरही घेतला नाही. मागच्यांनी हॉर्नचा गोंधळ घातला तेव्हा मी निघाले.

ह्यांना सांगितलं. या वेळी 'सोमवारपर्यंत थांब' म्हणाले नाहीत. उलट विचारलं, "डिसेंबरातलं उरलेलं कॉफी कापड आहे ना अजून? आणि तो लाल दोरा?"

१० मार्च, सोमवार

इस्पितळाआधी वाहन कचेरीत गेले. एकटी, माझी गाडी माझी मी चालवत. साहेबांनी सगळं ऐकलं, कापडाचा तुकडा उलटसुलट करून पाहिला, कोरा कागद पुढे ओढला. म्हणाले, "या सीटा शिवल्या कुणी, काही कल्पना?"

"मी," म्हटलं. "लिहा."