संपादकांनी चष्मा बदलावा

कळमनुरी,
रविवार, ता. १९ जानेवारी १९७५

भुजंग भाऊजी यांस,
पंचफुलाचा सप्रेम जयभीम. चंद्रभागावहिनींना नमस्कार सांगा, लेकरांच्या गालावरून हात फिरवा.

आम्ही इकडे खुशाल आहोत. तुमच्या मित्राची तब्येत ठीक आहे. जेवण जातं, झोप लागते, आणि माझ्या भाजीला नावं ठेवण्याइतकं तोंड अजून शाबूत आहे. मी शिलाई मशीन घेतली हे तुम्हाला कळलं नसेल. गल्लीतल्या बायकांची पोलकी आणि शाळेच्या पोरांच्या चड्ड्या शिवते. दिवस कसा मावळतो समजत नाही.

यंदा हुरडा फार गोड निघालाय. दोन वर्षं झाली, तुम्ही हुरड्याला आला नाहीत. हिंगोली काही विलायतेत नाही; एसटीत बसलं की तासाभरात माणूस इथं उतरतो. पण रुसलेल्या माणसाला गल्लीसुद्धा लांब, तिथं एसटी काय करणार?

रागावू नका. तुमची आठवण आली की मला आधी आमच्या ओसरीवर पालथे पडलेले दोन बाप्ये दिसतात. एक आमच्या घरचा तहसिलातला कारकून, दुसरे तुम्ही, रेल्वेच्या पार्सल हापिसातले. दोघांच्याही घरात लेकरं, आणि हे आपले हैदराबादच्या जुन्या बाजारातून गार्डाच्या हातून मागवलेल्या इंग्रजी चित्रकथांच्या पुस्तकांत नाक खुपसून! पानं पिवळी पडलेली, कोपरे उंदरांनी खाल्लेले, आणि तुमचं चाललेलं, "या माणसाच्या ब्रशात जान हाय." इंग्रजी तर दोघांनाही अडखळत वाचता यायचं. मी चहा ठेवताना म्हणायची, लेकरं बरी तुमच्यापरीस.

आणि ते तुमचं हस्तलिखित, 'रेघोट्या'! कागदाला गोडंतेल चोळून त्यावर चित्रं उतरवायची आणि माझ्या घरात आठ दिवस तेलाचा वास. संपादक हेच, चित्रांखाली लांबलचक लेखही ह्यांचेच. एकच प्रत, ती कंडक्टर रतनसिंगच्या पिशवीतून आधी हिंगोलीला तुमच्याकडं, मग आखाडा बाळापूरला, तिथून नांदेडला. सगळी मिळून सहा वाचक. पण अंक फिरून घरी आला की हे हातपाय न धुता शेवटची कोरी पानं उघडायचे, कुणी काय अभिप्राय लिहिलाय ते बघायला. वरातीच्या नवरदेवाचंसुद्धा तोंड एवढं फुललेलं मी बघितलं नाही.

आता एक गंमत सांगते, हसू नका. हल्ली ती पुस्तकं मी बघते. रोज दिवेलागणीच्या आधी हे बाजेवर बसतात आणि मी शेजारी बसून चित्र सांगते. पहिल्या चौकटीत काय, दुसरीत काय, माणूस कुठून येऊन राहिलाय, सावली कुणीकडं पडली. आधी मला धड सांगता यायचं नाही. "एक माणूस आहे, घोड्यावर," एवढंच म्हणायची. हे विचारायचे, "घोडा दमलेला हाय का ताजा?" मग मी पुन्हा बघायची. बघता बघता मलाच नाद लागला. आता भाकरी थापतानाही मनात चित्रं असतात, आणि एखादी करपते.

तुम्ही दोघं जिच्यावरून भांडलात, ती वाळवंटातल्या घोडेस्वाराची गोष्ट मी तीनदा सांगितली. शिवणकाम करते म्हणून असेल, माझी नजर आधी कपड्यांवर जाते. सुरुवातीचा चित्रकार सदऱ्याच्या चुण्या खांद्यापासून कमरपट्ट्यापर्यंत ओढत आणतो. कापड कुठं ताणलंय, कुठं सैल आहे, सगळं दिसतं. सातव्या पानापासून दोन रेघा मारल्या की सदरा झाला! आणि लगाम धरलेल्या मुठी बघा. आधीच्या मुठीत अंगठा नखासकट दिसतो. सातव्या पानापासून अंगठाच नाही, नुसता गोळा. भाऊजी, तुमचंच खरं होतं. मध्येच हात बदललाय. ही गोष्ट दोघांनी काढलेली आहे.

ह्यांना मी अजून हे सांगितलेलं नाही.

तुम्ही म्हणाल, स्वतः डोळ्यांत तेल घालून बघणारा माणूस बायकोकडून चित्र काहून ऐकतो? तेच सांगायला पत्र लिहायला घेतलं आणि इथपर्यंत हुरडा नि चड्ड्या करत बसले.

त्या गोष्टीवर ह्यांनी 'रेघोट्या'त सहा पानं लिहिली होती, की सगळी चित्रं एकाच हातची आहेत. तुम्ही अभिप्रायात लिहिलंत, "सातव्या पानापासून हात बदलला आहे. संपादकांनी चष्मा बदलावा." त्याआधी ह्यांनी तुमच्या अक्षराला मुंगळ्यांची रांग म्हटलं होतं, ते तुम्ही हसून सोडून दिलं होतं. म्हणून मलाही वाटलं, एवढ्यातेवढ्यावरून काय हा रुसवा! तुम्ही दोन पत्रं टाकलीत. एकदा येऊन ओसरीवर बसलात, तर हे मागच्या दारानं निघून गेले. 'रेघोट्या' त्या दिवसापासून बंद.

त्याच आठवड्यात हे नांदेडला डोळे दाखवून आले होते. मला म्हणाले, हापिसाचं काम होतं. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. ह्यांनी विचारलं, चष्मा बदलला तर? डॉक्टर म्हणाले, चष्म्यानं काही होणार नाही. गेलेली नजर परत येत नाही, औषधानं आहे ती राखायची. घरी आले, तर रतनसिंग अंक देऊन गेलेला. उघडला, आणि त्यात तुमचं ते वाक्य.

यात तुमचा काही दोष नाही, भाऊजी. माहीत नसताना माणूस थट्टा करणारच. मलाच हे गेल्या पावसाळ्यात कळलं, उंबऱ्याजवळच्या भरल्या बादलीला पाय लागून हे पडले तेव्हा. आधी पूर्ण पान दिसायचं म्हणे, मग एकेक चौकट. आता चौकटीतला एखादा हात नाहीतर घोड्याचं तोंड, तेही उन्हात धरलं तर. हापिसात अजून निभावतंय, सोबतचे चांगले आहेत.

पण माझी खरी काळजी वेगळीच आहे. मी जे सांगेन ते हे मान्य करतात! मी म्हणते घोडा दमलेला, हे म्हणतात, "व्हय, आसंल." ज्या माणसानं तुमची एक गोष्ट आयुष्यात धड कबूल केली नाही, तो "आसंल" म्हणून मान खाली घालतो. मला चित्र सांगता येतं, पण त्यावरून ह्यांच्याशी भांडता येत नाही. परवा मी मुद्दाम काहीतरी चुकीचं सांगितलं, तरी "आसंल"च. मला रडू आलं. ते तुमचंच काम आहे, आणि तुम्ही नाही म्हणून हा माणूस दिवसेंदिवस विझत चाललाय.

मी पत्र लिहितेय आणि हे समोरच बाजेवर बसलेत. मघाशी म्हणाले, "कोनाला लिहून राहिली?" मी म्हटलं, माहेरी. पूर्वीसारखी नजर असती तर खांद्यावरून वाकून वाचलं असतं.

थांबा, आत्ता पुन्हा बोलले. जसंच्या तसं लिहिते.

"माहेरी येवढं लांब लिहीत न्हाईस तू. भुजंग्याला लिहून राहिली ना?"

मी व्हय म्हटलं.

"मंग लिही त्याला, समद्या पानायचा हात येकच हाय. पटत नसंल तर यावं अन् हिथं बसून भांडावं."

मी लिहून घेतलं. ह्यांनी बराच वेळ बाजेची दोरी चाचपली. मग म्हणाले, "अन् डोळ्याचं बी लिही. न्हाईतर येईल अन् पुस्तक पुढ्यात धरून म्हनंल, हे बघ."

मी म्हटलं, "लिहिलंय कवाच."

"येडी," म्हणाले, आणि सातवं पान काढ म्हणून बसलेत. तुम्ही यायच्या आत त्यांना तयारी करायची आहे.

मी अंगठ्याचं काही बोलणार नाही. ते तुमच्यासाठी ठेवलंय. फक्त एक विनंती, येताना मऊ होऊन येऊ नका. कीव करायला गल्लीतली माणसं पुरेशी आहेत. पूर्वी भांडत होता तसंच कडाकडा भांडा, ओसरी डोक्यावर घ्या, मी चहा ठेवते.

तुमच्या बाजूची, पण ह्यांच्या घरातली,
पंचफुलावहिनी