एकदाच उघडता येणारी डिस्क

मी, खाली सही करणारी, वय एकोणसत्तर, धंदा बिघडलेल्या डिस्कमधून लोकांची माहिती परत काढून देण्याचा, हे मृत्युपत्र माझ्याच मर्जीने आणि माझ्याच हाताने लिहीत आहे. मी शुद्धीवर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला आजचा वार विचारला. मी सांगितल्यावर त्यांनी कॅलेंडर बघून खात्री करून घेतली. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. केले होते असे कोणी म्हणालेच, तर ते माझे धाकटे दीर असतील. त्यांचे मनावर घेऊ नये.

कलम एक. दुकान, मागची खोली आणि बँकेत जे काही उरेल ते माझ्या कमाईचे आहे. ते सगळे दुकानातल्या माझ्या जोडीदारणीला द्यावे. तिला सगळे भिंगवाली म्हणतात, कारण ती डोळ्याला भिंग लावून डिस्क उघडते आणि काम हातावेगळे होईपर्यंत कोणाशी बोलत नाही. धूळ न येऊ देणारी काचेची पेटी, बारीक चिमटे आणि स्क्रू-ड्रायव्हरही तिचेच. भावोजींनी हरकत घेऊ नये. माझे यजमान गेले तेव्हा घर त्यांनी घेतले आणि मी हूं की चूं केले नाही.

कलम दोन. टेप वाचणारे यंत्र कॉलेजच्या संगणक विभागाला द्यावे. माझी पहिली नोकरी टेप सांभाळण्याची, विमा कंपनीच्या थंडगार खोलीत. टेपवरचे शेवटचे काही हवे असले की आधीची सगळी टेप पुढे सरकवावी लागते, त्यामुळे ती सावकाश चालते. पण कोरड्या जागी ठेवली तर माणसाची नोकरी संपते, टेप संपत नाही. यंत्राला मुलांना हात लावू द्यावा. काचेच्या कपाटात शोभेला ठेवणार असाल तर ते इथेच राहू द्या.

कलम तीन. माळ्यावरच्या फ्लॉप्यांना बुरशी लागली आहे. त्यांत आता काही नाही, टाकून द्याव्यात.

कलम चार. धाकट्या दिरांना मऊ टोकाच्या मार्करांचा एक खोका. त्यांच्या लग्नाची सीडी मी खराब केली असे ते घरोघर सांगत फिरले. सीडीवरचा मजकूर लेझरने वाचला जातो आणि तो असतो वरच्या छापील बाजूच्या अगदी खाली. भावोजींनी त्याच बाजूला बॉलपेन दाबून दाबून ‘आमचे शुभमंगल’ असे लिहिले, खाली दोन रेघाही ओढल्या. मंगलाष्टके नेमकी त्या रेघांखाली गेली.

कलम पाच. पेनड्राइव्ह आणि नव्या तऱ्हेच्या डिस्क भिंगवालीने वर्षातून एकदा तरी जोडून बघाव्यात. त्यांच्यात फिरणारे काही नसते. माहिती विजेच्या भारावर टिकते आणि कपाटात नुसत्या पडून राहिल्या तर तो हळूहळू ओसरतो. मरताना त्या आवाजही करत नाहीत. गिऱ्हाइकांना आपले नेहमीचे सांगत राहावे: तीन प्रती काढा, त्यातली एक घराबाहेर ठेवा. ते मान हलवतील आणि काढणार नाहीत. त्यावरच आपले दुकान चालते.

कलम सहा. लोखंडी कपाटात, फोमच्या तुकड्यात एक हार्ड डिस्क आहे. ती माझी नाही, माझ्या थोरल्या भावाची आहे. त्याची मुलगी, माझी भाची, हिला आम्ही बटण म्हणायचो, कारण दिसेल ते बटण ती दाबायची. सातव्या वर्षी तापाने गेली. तिचे हसणे, बोलणे, पळणे सगळे त्या एका डिस्कवर आहे. दुसरी प्रत नाही. डिस्क वाचणाऱ्या बाईच्या सख्ख्या भावाकडे दुसरी प्रत नव्हती, याचा मला अजूनही राग येतो.

डिस्क टेबलावरून पडली. आत चकचकीत तबकड्या गरगर फिरतात आणि त्यांना न टेकता वाचणारे हेड वरून सरकते. पडल्यावर ते हेड गेले आणि डिस्क टकटक वाजू लागली. अशी डिस्क पुन्हा जोडायची नसते. प्रत्येक टकटकीला तबकडी खरवडली जाते. दादा ती जोडत राहिला. वाचायला नव्हे, ऐकायला. आत काहीतरी हलते आहे, एवढ्यासाठी. मी ती उचलून आणली आणि कपाटात टाकून कुलूप लावले. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही.

तशाच जातीची दुसरी डिस्क मला मिळाली आहे. तिचे हेड काढून हिच्यात बसवता येईल, पण एकदाच. साधले तर बटण दिसेल, नाही तर काही उरणार नाही. दादाने नको असा निरोप धाडला. वहिनी समजूतदार आहे. म्हणून डिस्क दादाला परत करावी, पण डिस्कच्या खालची हिरवी सर्किटची पट्टी काढून ती वहिनीकडे द्यावी. तिच्याशिवाय डिस्क फिरत नाही आणि दुसरी पट्टी चालत नाही.

इथवर लिहून झाले आणि वहिनी आली. मी तिला कलम सहा वाचून दाखवले. ती पदराचे टोक बोटाला गुंडाळत बसली.

“पट्टी मला देऊ नका, वन्सं,” ती म्हणाली. “वायर मीच जोडायचे. त्यांना कुठे कळतंय त्यातलं?”

“तू?”

“पलंगावर मध्ये ठेवायचो. एका बाजूला हे, एका बाजूला मी. एरवी आम्ही दोघं एका खोलीत बसत नाही हो.”

खरवडण्याचे मी तिला नीट समजावून सांगितले. तिला ते माहीत नव्हते. तोंडावर हात ठेवून रडली. मीही रडले, हे इथे नोंदवते.

“तुमच्याकडेच राहू दे मग,” ती शेवटी म्हणाली. “पण आम्ही ऐकायचं काय?”

सबब कलम सहामधील शेवटचा परिच्छेद मी रद्द करते. त्याऐवजी:

कलम सात. बटणची डिस्क आणि तिच्या जातीची दुसरी, दोन्ही भिंगवालीच्या कुलपात राहाव्यात. दादा आणि वहिनी दोघांनी मिळून येऊन सांगितले तरच उघडावी. एकट्याचे ऐकू नये, घाईही करू नये.

माझ्या भंगारात तशीच टकटक करणारी एक डिस्क आहे. हेड गेलेले, आत कोणाचेही काही नाही. मी आज ती वाजवून पाहिली, ठेका जवळजवळ तोच आहे. ही डिस्क, वायरसकट, मी दादा आणि वहिनीला देते. फसवून देऊ नये. ती रिकामी आहे हे दोघांना स्पष्ट सांगावे. ती त्यांनी पलंगावर मध्ये ठेवावी आणि हवी तितकी ऐकावी. तिचे काही बिघडणार नाही.

हे सर्व मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली. भिंगवालीला लाभ असल्याने तिला साक्षीला घेतलेले नाही. ती रुसली आहे.

लिहून देणार: (सही)
साक्षीदार: शेजारचे औषधवाले (सही)
साक्षीदार: वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई (सही)
ठिकाण: दुकानामागची खोली
दिनांक: ७ फेब्रुवारी २०२४, बुधवार