लाभ, दोन, तीन

आये,

मी एक कादंबरी लिहिली आहे. हे तुझ्या कानावर घातलं असतं तर तू आधी विचारलं असतंस, "जेवलीस का?" आणि मग, "त्यात काय हाय?" त्यात काय आहे तेच सांगायला बसले आहे. त्यात जिवंत माणूस एकही नाही. सगळी माणसं एका साथीत मेली आहेत आणि त्यांनी बनवलेली यंत्रमाणसं तेवढी मागे राहिली आहेत. दिसायला तुझ्यामाझ्यासारखी, चालणारी, बोलणारी, पण आतून चाकं आणि तारा. त्यांना ताप येत नाही, भूक लागत नाही. तरीही ती दर पावसाळ्यात मावळात भात लावतात आणि दिवाळीच्या सुमाराला कापतात, कारण माणसांनी त्यांना तेच शिकवलं होतं. खायला कोणी नाही. इथे पुण्यात शाळेतल्या माझ्या सोबतिणींना वाटतं, बाईंचं डोकं फिरलं. मुलींना गणित शिकवणाऱ्या बाईने असल्या भानगडीत पडावंच कशाला, असं त्या मला तोंडावर विचारतात. तुला मात्र नवल वाटलं नसतं, कारण यातलं बरंचसं मी तुझ्याकडूनच उचललं आहे.

मानमोडीच्या तापाची साथ आली त्या वर्षी मी नऊ-दहा वर्षांची असेन. आपल्या औंढे गावात एक घर सुटलं नव्हतं. बा तापातून उठला होता, पण भिंत धरल्याशिवाय त्याला उभं राहता येत नव्हतं. आपल्या बांधाला बांध लागलेलं ते घर, ज्या नवराबायकोला मी भाऊ आणि मावशी म्हणायची, ते तर पुरतं गेलं. आधी भाऊ, मग मावशी, मग त्यांच्या दोघी पोरी. त्या पोरींबरोबर मी सागरगोटे खेळायची. त्यांच्या दाराला बाहेरून कडी घातली तेव्हा मला रडू आलं नाही, नुसती भीती वाटली, की आता आपली पाळी. आणि तेवढ्यात लोणावळ्याकडून आगगाडीची शिट्टी आली, रोजच्यासारखी. मी तुला विचारलं, "आये, समदी आजारी हायेत, मग गाडी कशी येती?" तू चूल फुंकत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "तिला काय, तिला ताप न्हाई." तुला वाटलं असेल, पोरीचं तोंड बंद केलं. मी मात्र तेव्हापासून त्या ताप नसलेल्यांचाच विचार करते आहे.

मग एक सकाळ. तू विळा घेऊन निघतेस आणि मी मागे. आपलं भात कापून झालंय, म्हणून मला वाटतं आपण गवताला चाललोय. तू बांध ओलांडून त्यांच्या वावरात उतरतेस. त्या साली पाऊस मध्येच तुटला होता, लोंब्या निम्म्या पोकळ, तरी पिवळं पडून भात उभं आहे. मी म्हणते, "आये, ह्ये आपलं न्हाई." "ठावं हाय." "मग कुनासाठी कापायचं?" तू कंबरेत वाकतेस, पहिली मूठ धरतेस आणि म्हणतेस, "भात पिकलंया. उभं कसं ठिवायचं?" वाटेने जाणाऱ्या बाया थांबून बघतात. एक जण म्हणते, "येडी का खुळी तू? घरात आजारी मानूस टाकून मेल्याल्यांची शेतं कापतीस?" तू हसतेस आणि पुढची मूठ धरतेस. मला तुझी लाज वाटते आणि तुझा रागही येतो, कारण माझे हात पात्यांनी कापलेत.

भारे तू आपल्या दारात आणले नाहीस. त्यांच्याच खळ्यात झोडलंस, त्यांच्याच सुपाने वारा दिलास. रास लहानच झाली. मग त्यांचीच पायली घेऊन तू मोजायला बसलीस. पहिल्या पायलीला कोणी एक म्हणत नाही, लाभ म्हणतात, हे मला माहीत होतं. पण बंद दारासमोर, रिकाम्या खळ्यात तू मोठ्याने म्हणालीस, "लाभ!" आणि माझ्या अंगावर काटा आला. "दोन," तू म्हणालीस, "तीन." रास मोजताना मध्ये बोलायचं नसतं, म्हणून मी थांबले, आणि संपल्यावर विचारलं, "लाभ कुनाला, आये? हितं कोन हाय?" तू पायली पालथी घातलीस. "म्हनायचं आसतं," म्हणालीस. मग कडी काढून धान्य त्यांच्या कणगीत भरलंस, तोंड शेणाने लिंपलंस आणि आपण घरी आलो.

थंडी सरताना मावशीचा सख्खा भाऊ कामशेतहून आला. तोही साथीतून वाचलेला, गालफडं बसलेली. त्याने दार उघडलं, कणगी पाहिली, लिंपण फोडून आत हात घातला आणि तिथेच बसून हुंदके देऊ लागला. "दाजींनी मरता मरता रास घरात न्हेली," तो तुला म्हणाला. "तेवढं करूनच गेलं बगा." मी बोलायला तोंड उघडलं. तू माझा दंड असा धरलास की वळ उठले, आणि त्याला म्हणालीस, "व्हय." एवढंच. वाटेत मी भांडले, की आपण राबलो आणि नाव त्यांचं. तू म्हणालीस, "त्येंचंच शेत व्हतं."

ही कादंबरी मी कितीतरी सुट्ट्या घालवून लिहिली. प्रकाशकांनी ती वाचली, भला माणूस आहे, पण म्हणाले, "बाई, लढाईमुळे कागद मिळेना झालाय. माणूसच नसलेली कादंबरी मी छापायची कशी? शेवटी एक तरी जिवंत माणूस दाखवा, डोंगरात लपलेला का होईना. मग छापतो." दुसरं कोणी ती हातात धरायला तयार नव्हतं. मी घरी येऊन पुष्कळ धडपडले. माणूस आणला की त्या यंत्रांचं भात लावणं म्हणजे त्याच्यासाठी करून ठेवलेला स्वयंपाक होतो. मग ती शहाणी ठरतात, आणि मला ती तुझ्यासारखी हवी होती. नाही आणला तर पुस्तक पेटीत पडून राहणार. शाळा सांभाळून पुन्हा दुसरं लिहून होईल असं मला वाटत नाही.

शेवटी मी माणूस आणला नाही. शेवटचं प्रकरण तेवढं नव्याने लिहिलं. यंत्रांमधली एक बाई एकटीच खळ्यात बसते, पायली भरते आणि म्हणते, "लाभ." दुसरा येऊन विचारतो, हे पीक कोणी काढलं? ती म्हणते, ज्यांचं शेत त्यांनीच. ती यंत्र आहे हे मागे सांगून झालं होतं, म्हणून तिथे पुन्हा लिहिलं नाही. काल प्रकाशकांनी ते माझ्यासमोरच वाचलं आणि चष्मा काढून खूश होऊन म्हणाले, "घातलंत की शेवटी माणूस! आमच्याकडेही रास अशीच मोजायचे. यंत्र असतं तर एक म्हणालं असतं. लाभ म्हणणारी ही माणूसच, काय?"

माझं उत्तर ऐकायला ते थांबले होते. नाही म्हटलं असतं तर हस्तलिखित परत मिळालं असतं. पुण्यात इतकी वर्षं काढून मी बोलणं अगदी धुऊन घेतलं आहे, आये, पण तोंडातून आलं ते, "व्हय." ते हसले आणि हस्तलिखित छापखान्यात पाठवतो म्हणाले.

तुझ्या त्या एका शब्दाला मी इतकी वर्षं खोटं समजत आले. काल स्वतः म्हणून पाहिलं. मला ते खोटं वाटलं नाही.