सुतासारखी सरळ रेघ

तीर्थरूप बाबा,

चष्मा लावून निवांत वाचा, बातमी चांगली आहे. नोकरी टिकली!

इथे पेन ग्राफिक्स टॅब्लेटवर फिरवायचं आणि चित्र उमटतं समोरच्या स्क्रीनवर. मी हाताकडेच बघायचे, त्यामुळे सगळ्या रेघा वाकड्या. त्यात सवयीने रंग वाळवायला टॅब्लेटवर फुंकर मारली! सगळे पोट धरून हसले. मग दुकानांचे बोर्ड रंगवताना तुम्ही ओरडायचात ते आठवलं, "हाताकडे काय बघतेस? रेघ न्यायची तिकडे बघ!" मान वर केली आणि रेघ सुतासारखी सरळ गेली.

आईचा खोकला थांबला का?

हात थरथरतो म्हणून तुम्ही ब्रश ठेवून दिलेत, हे ताईकडून कळलं. इथे थरथरती रेघ सावरून घेणारी सोय आहे. सुट्टीत टॅब्लेट घेऊनच येते. तोवर हाताकडे बघत बसू नका.

तुमच्याच हाताखाली शिकलेली,
धाकटी