आठवं कडं

४ मार्च, मंगळवार

साच्याच्या आतला उतार मी काढला. तळाशी अरुंद, वर केसभर रुंद, म्हणून तर कडं न घासता बाहेर येतं. कडं उचलायची चार पट्ट्यांची झोळी माझी. हवा ओढून घेणाऱ्या नळीवरची जाळी, तीही, जुन्या चाळणीच्या तुकड्यातून. घरात स्वयंपाकघरातली फळी, न्हाणीघराचं दार, लेकीचं अभ्यासाचं टेबल. आणि आता मातीची सात कडी! प्रत्येक गुडघ्याएवढं उंच, जेवणाच्या टेबलाएवढं रुंद, मधे आरपार भोक. दोन टनांना थोडं कमी.

कुठल्या शाळेत शिकलो नाही. बोटं चेचली आणि शिकलो.

आठवं राहिलंय. आठ एकावर एक नीट बसली आणि तपासणीवाल्यांनी होय म्हटलं, तर सगळं काम इथेच. नाही म्हटलं तर माती दाबायचा आमचा हा दाबखाना बंद, काम लेकीच्या गावातल्या त्या दुसऱ्या कारखान्याला. तिथे म्हणे बटण दाबलं की कडं पडतं.

ही सकाळच्या गाडीने लेकीकडे गेली. बाळंतपण आहे. निघताना तीनदा सांगितलं, गॅस बंद करत जा. घर उगाच मोठं वाटतंय.

६ मार्च

आठवं दाबलं. माती ओलसर पण मुठीत धरून सोडली तर भुगा, तशी हवी. तशीच होती. दाब हळूहळू चढवला. घाई केली की आत हवा अडकते आणि कडं पापडासारखं थराथरांनी सुटतं. बाहेर आलं ते गुळगुळीत, करडं, बोट फिरवलं तर साबणासारखं.

क्रेन चालवणाऱ्याला आम्ही घार म्हणतो. वरून ओरडला, "एवढं काय न्याहाळताय उस्ताद? नवरी आहे का ती? पाचशे मीटर खाली पुरणार. मधल्या भोकात तो अणुभट्टीच्या विषारी कचऱ्याचा डबा. गांडूळसुद्धा बघायला येणार नाही!"

म्हटलं, "पाणी येईल ना. पाणी आलं की ही माती फुगते आणि प्रत्येक फट बुजवते. पाण्याला सगळं दिसतं."

"मग पाण्यालाच पगार मागा."

दाब निघाल्यावर कडं किंचित फुलतं. त्यामुळे माप दुसऱ्या दिवशी घ्यायचं म्हणून प्लास्टिक न चढवता कोठारात ठेवलं. पाय दुखतायत. भात खाली लागला.

७ मार्च

हिचा फोन. "अहो, तिथलं बंद झालं तर होऊ दे. इकडे या. ह्याच गावात एवढा मोठा मातीचा कारखाना आहे. तुम्हाला काय दारात उभं करणार नाहीत?"

"त्यांना माणूस लागत नाही. बटण लागतं."

"विचारून तरी बघा."

बघतो म्हटलं.

आज तपासणीवाल्यांच्या कागदपत्रात दिवस गेला. माप राहिलं.

८ मार्च

तडा! वरच्या काठापासून खाली, वीतभर. नख आत जातं.

माती चाळतो त्या चाळणवाल्यावर तोंड टाकलं. खडा राहिला असणार, डोळे कुठे होते तुझे, वगैरे. तो म्हणाला, "दरवेळी चाळणीच का हो? तुमच्या हातून काही होतच नाही का?"

९ मार्च

लिहायचं नव्हतं.

मॅडम, म्हणजे आमच्या इंजिनियर, कोठारात आल्या. कड्याभोवती एक फेरी मारली. तडा फक्त भिंतीकडच्या बाजूला. तिथे ओलाव्याचा काटा लावला तर चढलेला. मग वर पाहिलं. पाइपवर माझे धुतलेले दोन डगले वाळत होते.

ही गेल्यापासून कपडे मी रात्री धुतो, सकाळपर्यंत घरात वाळत नाहीत. कोठाराची हवा गावात सगळ्यात कोरडी. दाराशी पाटी आहे, ओला हात घेऊन आत येऊ नये. ती पाटी मीच रंगवली! माती माझ्या डगल्यांचं पाणी प्याली, तेवढ्या बाजूला फुगली, फाटली.

घार म्हणाला, "उस्ताद, दोन टनांचं कडं तुम्ही दोन डगल्यांनी फोडलंत!" सगळे हसले. चाळणवालाही. त्याचा हक्कच होता.

मॅडम हसल्या नाहीत. डगले काढले, घडी घातली, माझ्या हातात दिले. "पुन्हा दाबू या. माती आहे अजून." हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

१२ मार्च

चाळणवाल्याला सकाळीच म्हटलं, चूक माझी. तो म्हणाला, "चहा पाजा." पाजला.

आठवं पुन्हा दाबलं. त्याच दिवशी गुंडाळलं.

१५ मार्च

मुलगी झाली. दोघी बऱ्या. फोनवर रडणं ऐकलं. बारीक, पण दम आहे.

१८ मार्च

तपासणी. आठही कडी घारने एकावर एक ठेवली. शेवटचं उतरताना एकही अक्षर बोलला नाही. ह्या माणसाकडून एवढं खूप झालं. तपासणीवाल्याने मधल्या भोकात दिवा सोडला, फटींमध्ये पातळ पट्टी घालून पाहिली. जाईना. पुन्हा पाहिली. मग सही केली.

सहा वर्षांचं काम. इथेच. मॅडमनी पाठीवर थाप मारली. आनंद व्हायला हवा होता, झालाही असेल. मला फक्त बसायचं होतं.

संध्याकाळी हिला सांगितलं.

"सहा वर्षं?"

मागे बाळ कुरकुरत होतं. हिने त्याला उगी केलं. मग म्हणाली, "बरं झालं. तुमच्या मनासारखं झालं. इथल्या कारखान्यात आला असतात तर एवढा मान कोणी दिला असता?"

फोन ठेवल्यावर पुन्हा करावासा वाटला. केला नाही.

१९ मार्च

ही गाडीत बसायच्या आदल्या दिवशी त्या दुसऱ्या कारखान्याच्या मालकाचा फोन आला होता. मी चुलीवर काही ठेवल्यासारखं घाईघाईत नाही म्हटलं. हिला सांगितलं नाही, इथेही लिहिलं नाही. आता लिहितो. तिथल्या दाबखान्याचा मुख्य करतो म्हणाला. राहायला घर, लेकीच्या घरापासून तिसऱ्या गल्लीत. महिना एक लाख साठ हजार.