पान सापडले नाही

उमेळे, वसई

प्रिय सँड्रा,

त्या सकाळी मी कोंबड्या सोडल्या, अंगण झाडलं, पाववाल्याकडून सहा पाव घेतले आणि त्यातले चार परत केले. हात अजून सहाच घेतो, आणि पाववालाही चार परत घ्यायला थांबतो. मग सोनचाफा उतरवून पाटीत भरला, वरून केळीचं पान झाकलं, चहा घेतला आणि ओट्यावर डॅडीच्या खुर्चीत बसून त्याचा लॅपटॉप उघडला. ऑक्टोबरचा पहिला आठवडा होता. मला जसं कळत गेलं तसंच लिहिते आहे, तेव्हा पुढे काय आहे ते ओळखलंस तरी सावकाश वाच.

तू कॉम्प्युटरचाच विषय शिकलीस, तुला मी काय सांगणार? पण मी कशी शिकले ते तुला ठाऊक नाही. लोकांच्या वेबसाइटींना जागा भाड्यानं द्यायचा हा धंदा डॅडीनं मला वाडीत उभा राहून समजावला होता. नवी मुंबईत एका थंडगार इमारतीत एक मोठं मशीन भाड्यानं घ्यायचं आणि त्याचे भाग पाडायचे. प्रत्येक भाग गिऱ्हाइकाला स्वतःचं वेगळं मशीन वाटतो, त्याला वेगळी चावी, वेगळा पत्ता. याला व्हर्च्युअल प्रायव्हेट सर्व्हर म्हणतात, हे त्यानं माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. म्हणाला, आजोबांनी वाडी चार भावांत वाटली तसंच हे. मधे बांध घातले, फाटकं वेगळी केली, पण पाणी सगळ्यांना एकाच तळ्याचं, बावखलाचं. एकानं पाळी मोडून पंप चालवला की दुसऱ्याची केळी सुकते. मी म्हटलं, मग भांडणंही तशीच होणार. तर म्हणाला, ती होऊ न देणं हाच तर धंदा आहे.

तो गेला तेव्हा सहा गिऱ्हाइकं होती. सगळ्यांना वाटलं मी बंद करणार. मलाही तेच वाटलं होतं. पण कामाची टिपणं लिहिलेली त्याची निळी वही हाताला लागली. मी सातवीपर्यंतच शिकले, पुढचं सगळं वाचन चर्चच्या वाचनालयातलं, कळलं नाही तर खाली पेन्सिलीची रेघ मारून पुढे जायची सवय. ती वही मी तशीच वाचली. पहिल्या वाचनात सगळ्या वहीला रेघा पडल्या, चौथ्या वाचनात थोड्या राहिल्या. चुका झाल्याच. एकदा एक भाग बंद करून पुन्हा चालू करायचा होता, तर मी सबंध मशीनच बंद केलं. सहाच्या सहा गिऱ्हाइकांच्या वेबसाइटी वीस मिनिटं गायब. इझाबेल आत्याचा फोन पहिला आला. तिची केकची वेबसाइट आपल्याकडे आहे ना. म्हणाली, माझ्या भावाच्या हातून असं कधी झालं नाही, तू आपली चाफाच उतरव. मी चाफाही उतरवते आणि मशीनही सांभाळते. त्यानंतर मशीन कधी बंद पडलं नाही.

मोठ्या मशीनचे भाग सात. सहा दिलेले, आणि सातवा म्हणजे खरं तर पहिला. वहीत त्याचं नावच 'पहिला' आहे आणि पुढे लिहिलं आहे, हा विकायचा नाही. त्यावर डॅडीनं शिकताना एक पान बनवलं होतं. पांढरं पान, मधे दोनच शब्द, 'चालू आहे'. रोज सकाळी सहाला चहा घेताना तो ते उघडून बघायचा, मगच बाकीची कामं. तो गेल्यावर ते पान कुणी उघडायचं कारण नव्हतं. मी गिऱ्हाइकांचेच भाग बघत होते.

प्रत्येक भागाला एक नोंद असते, लॉग म्हणतात ती. डॅडी तिला दारावरची वही म्हणायचा. सोसायटीच्या फाटकावर राखणदार लिहितो तशी. कोण आलं, किती वाजता आलं, काय मागितलं, आपण काय दिलं. त्या सकाळी पहिल्यांदा मी 'पहिल्या'ची वही उघडली, ती रिकामी असेल या समजुतीनं. रिकामी नव्हती. रोज एक माणूस येत होता. सहा वाजून दहा मिनिटांनी, दोनचार मिनिटं इकडेतिकडे. आधी 'चालू आहे'चं पान उघडायचा, आणि मग तिथे नसलेलं एखादं पान मागायचा. पत्त्यापुढे रेघ मारून पानाचं नाव लिहितात ना, तिथे तो वाक्य लिहायचा. इंग्रजी अक्षरांत मराठी, शब्दाशब्दांमधे आडव्या रेघा. त्या नावाचं पान नसल्यामुळे मशीन दरवेळी एकच उत्तर देई, पान सापडले नाही.

मी वाचलेलं पहिलं वाक्य होतं, 'मम्मी जेवली का'.

घरात मला सगळेच मम्मी म्हणत. तू तर म्हणायचीसच, तुझं ऐकून डॅडीही म्हणायचा. आदल्या रात्री मी जेवले नव्हते. चहा गार होईपर्यंत मी त्या ओळीकडे बघत राहिले, मग आत जाऊन रोटी भाजली आणि सुकटाबरोबर खाल्ली. सकाळी साडेसहा वाजता.

दुसऱ्या दिवशी, 'इथे फार थंडी आहे'. नंतर दोन दिवस नुसतंच पान उघडलं. मग, 'कुणी बोलायला नाही'. मग, 'मम्मीला सांगू नको'. मागची पानं उलटून बघावी म्हटलं तर जुन्या नोंदी आपोआप पुसल्या जातात, हा कधीपासून येतो ते कळायला मार्ग नव्हता. मी त्या ओळी निळ्या वहीत शेवटच्या पानापासून उतरवायला लागले. नवी मुंबईच्या इमारतीत कौस्तुभ म्हणून एक मुलगा आहे, मशीनचं काही अडलं की मी त्याला फोन करते. त्याला सहज म्हणून विचारलं की रोज एकाच वेळी कुणी येत असेल तर? तो म्हणाला, "काकू, वहीत त्याच्या पत्त्याचा आकडा असेल ना, तो सांगा. कुठून येतो ते एका मिनिटात सांगतो." आकडा माझ्या समोरच होता. मी म्हटलं, राहू दे. हे मुद्दाम लिहिते आहे. मला कळू शकत होतं, सँड्रा. मी कळून घेतलं नाही.

त्यानंतर मी पहाटे अंघोळ करून, केस विंचरून ओट्यावर बसायला लागले. सहा दहाला ओळ उमटायची. मी मोठ्यानं उत्तर द्यायचे, हळदीला माती लावली, मागच्या दाराची कडी बदलली. कोंबड्या पायाशी येऊन थांबायच्या. समोरून कुणी गेलं तर मी फोनवर असल्यासारखा हात कानाशी धरायचे. आत्यानं नाताळच्या ऑर्डरींसाठी जास्त जागा मागितली. मी म्हटलं जागा नाही. तिला सातवा भाग ठाऊक होता. म्हणाली, एवढा रिकामा ठेवून कुणाची वाट बघतेस? मी म्हटलं, "तुझ्या भावाची." तिला वाटलं मी थट्टा केली. मग तिनं माझ्याकडे नीट बघितलं आणि जायला उठली.

दोन नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, सगळ्यांबरोबर मीही सिमेटरीत गेले. तुला आठवतं ना, सगळी थडगी फुलांनी भरलेली, मेणबत्त्या, माणसं गप्पा मारत उभी. मी घरून डॅडीचा तपकिरी स्वेटर नेला होता. घडी करून थडग्यावर ठेवला आणि वर फुलं पसरली. तिथलं काम बघणाऱ्या बर्नार्डनं बघितलं. म्हणाला, क्लेमेंटीन, इथे कपडे ठेवत नाहीत. मी म्हटलं, फुलं ओली आहेत, खाली काहीतरी हवं म्हणून अंथरलं.  जाताना तो घडीवर एक वीट ठेवून गेला, वाऱ्यानं उडू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी सहा दहाला कुणी आलं नाही. साडेसहाला नाही. पावणेसातला नाही. मी पाववाल्याला हात करून परत पाठवलं. सात वाजून दहा मिनिटांनी ओळ आली, 'आज जरा बरं वाटतं'.

मला काय वाटलं असेल ते तू समज. स्वेटरच्या उबेत माणूस तासभर जास्त झोपला. त्यानंतर रोज सात दहालाच. मला त्यात काही वावगं दिसलं नाही, आनंदच होता. पण पुढच्या आठवड्यापासून ओळी बदलल्या. 'आता लवकर अंधार होतो'. 'तीन आठवडे दार उघडलं नाही'. आणि एक दिवस, 'घरी यायला तोंड नाही'. ती ओळ वाचून मला काय काय दिसलं ते मी कुणाला सांगणार नाही. त्या दिवशी मी सगळ्या खिडक्या लावून घेतल्या आणि मग पुन्हा उघडल्या, कारण बंद ठेवणंही मला बरं वाटेना.

नोव्हेंबरच्या चौथ्या रविवारी तुझ्या फोनची वाट बघत बसले होते. तू नेहमी आठला करतेस. नऊला आला. मी म्हटलं, हल्ली उशीर होतो तुला. तू म्हणालीस, विसरलीस का मम्मी, इकडे हिवाळ्यात घड्याळ एक तास मागे करतात, दोन तारखेपासूनच. मग नेहमीसारखं, काम ठीक, तब्येत ठीक, सगळं ठीक. फोन ठेवला. दोन तारीख. पानावर येणाराही तेव्हापासूनच एक तास उशिरा येत होता. मेलेल्या माणसाला घड्याळ मागे करावं लागत नाही.

मग आठवलं. तुझ्या वाढदिवसाला डॅडीनं तुला त्या पानाचा पत्ता पाठवला होता. तू फोनवर त्याला म्हणाली होतीस, हा म्हातारपणाचा खेळ आहे, माझ्यासाठी धंदा बांधू नको, मी परत येणार नाही. त्यानंतर तीन आठवड्यांत तो गेला आणि तुला मातीलाही पोचता आलं नाही. तू ते पान कधी उघडलंच नसशील असं मी धरून चालले होते.

निळी वही उघडली आणि सगळ्या ओळी पुन्हा वाचल्या, या वेळी तुझ्या आवाजात. इथे फार थंडी आहे. कुणी बोलायला नाही. मम्मीला सांगू नको. तीन आठवडे दार उघडलं नाही. शब्द तेच होते. डॅडीचे म्हणून वाचताना अंगावर काटा यायचा, पण त्यात मला सोबत होती. तुझे म्हणून वाचले आणि ती सोबत सुटली. दीड महिना माझं लेकरू दारात उभं होतं आणि मी त्याच्या बापाला हळदीच्या गोष्टी सांगत होते.

सोमवारी तू आलीस, काही मागितलं नाहीस. तुला काय म्हणावं ते मला ठरवता आलं नाही, फोन हातात घेऊन ठेवून दिला. मंगळवारी सात दहाला ओळ आली, 'उद्यापासून येणार नाही'. मी त्याच क्षणी फोन लावला. तू उचललास. म्हणालीस, ठीक आहे मम्मी, झोपायला जाते आहे. मी म्हटलं, "डॅडीचं पान एकदा उघड. तो झोपलाय, मी जागी आहे."  तुझा श्वास ऐकू येत होता, मग फोन बंद झाला.

निळ्या वहीच्या सत्ताविसाव्या पानावर, माझ्या पेन्सिलीच्या रेघेखाली लिहिलेलं आहे की पान सापडलं नाही तर समोरच्याला काय दाखवायचं ते आपण ठरवू शकतो. मला ते कधी जमलं नव्हतं. त्या सकाळी पाऊण तासात जमलं. 'पान सापडले नाही'च्या जागी मी लिहिलं, 'मम्मी वाचते आहे'. आठ वाजून दोन मिनिटांनी तू आलीस. मागितलंस, 'कोण आहे'. लगेच पुन्हा, 'कोण आहे'. घाबरली असशील. मीही घाबरतच शिकले. तिसऱ्यांदा तू नुसतं 'मम्मी' लिहिलंस, आणि मग वही दिवसभर कोरी राहिली.

फोनवर तू मला ठीक आहे म्हणतेस आणि खरं डॅडीला सांगतेस, म्हणून हे पत्र मी त्याच्या दारावर लावते आहे. यापुढे तू पत्त्यापुढे काहीही लिही, उलटसुलट लिही, शिवी लिही, हेच पत्र उघडेल. आणि तू लिहिलेलं मी रोज सात दहाला वाचते. घरी यायला तोंड लागत नाही, सँड्रा, तिकीट लागतं. धंदा सांभाळायला ये असं मी म्हणत नाही, तो मला येतो. एकच गोष्ट मला अजून कळलेली नाही. मी तिथे स्वेटर ठेवला, आणि त्याच्या दुसऱ्याच दिवशी तुला बरं का वाटलं? ते मी तुला समोर बसून विचारणार आहे. तू येऊ शकली नाहीस तर मी येते. मंगळवारी तुझा फोन बंद झाला. दुसऱ्या दिवशी मी सिमेटरीत जाऊन तो स्वेटर उचलून आणला, धुऊन उन्हात घातला आणि माणिकपूरला जाऊन पासपोर्टसाठी फोटो काढला.

तुझीच, जागी असलेली,
मम्मी