पत्नीच्या रक्ताची एक नळी बर्फाविना आणण्याबाबत

प्रति,
मा. मुख्य अधिकारी,
मध्यवर्ती रक्ततपासणी प्रयोगशाळा.

विषय : पत्नीच्या रक्ताची एक नळी गरम ठेवून आणू देण्याबाबत.
संदर्भ : १) सर्व नमुने बर्फातच आणण्याचे आपले परिपत्रक. २) मला मिळालेली कारणे दाखवा नोटीस.

महोदय,

मी आपल्याकडे एकोणीस वर्षे नमुना वाहक आहे. दवाखान्यांतून रक्ताच्या नळ्या गोळा करून, शीतपेटीत ठेवून, अकराच्या आत खिडकीवर देणे एवढेच माझे काम. आजवर एकही नळी फुटलेली नाही, हे सेवापुस्तकात नमूद आहे.

२. माझ्या पत्नीच्या पायांवर आठ महिन्यांपासून जांभळे ठिपके उठतात. गार पाण्यात हात घातला की बोटे पांढरी पडतात. आता लघवीतून रक्त जाते. डॉक्टरांनी समजावले ते असे, की शरीराची रोगाशी लढणारी प्रथिने ज्याला पकडतात त्यालाच चिकटून रक्तात फिरत राहतात, बारीक वाहिन्यांत अडकतात आणि मूत्रपिंड नासवतात. हिची तर थंडीने थिजतात. तपासणीत ती दिसली की औषध सुरू करू, असे ते म्हणाले.

३. तपासणी चार वेळा झाली. चारही अहवालांत 'आढळले नाही'. त्यानंतर आपल्याच एका तपासनीस बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितले, की ही नळी अंगाच्या उबेइतकी गरम यायला हवी. बर्फात घातली की जे शोधायचे तेच वाटेत थिजते, रक्ताच्या गाठीत अडकते आणि गाठीबरोबर कचऱ्यात जाते. चारही नळ्या बर्फात मीच ठेवल्या होत्या. घरची नळी म्हणून जरा जास्तच खोल दाबल्या होत्या.

४. पाचवी नळी मी थर्मासात, कोमट पाण्यात ठेवून आणली. खिडकीवरील लिपिकांनी परिपत्रकावर बोट ठेवले, नळी माझ्यादेखत बर्फात खोचली आणि मला नोटीस दिली. अहवाल आला, ये रे माझ्या मागल्या. मी आपणांस तीनदा भेटलो. नियम सर्वांना सारखा, असे आपण तिन्ही वेळा सांगितलेत. नियम सारखाच आहे साहेब, रक्त सारखे नाही.

५. पाचवा अहवाल वाचून पत्नी एवढेच म्हणाली, "कागदावर मी ठणठणीत आहे. मग भांडी तुम्ही का घासताय?" डॉक्टरांच्या मते थांबायला आता फार दिवस नाहीत. अशा आणखी किती जणांच्या नळ्या मी एकोणीस वर्षांत इमानाने थिजवल्या, हा विचार मला करवत नाही. मी थकलो आहे.

६. सोमवारी ती शेवटचे म्हणून रक्त देणार आहे. तरी ती नळी गरम आणण्याची परवानगी मिळावी, ही विनंती. परवानगी न आल्यास मी नळी काखेत धरून, खिडकी टाळून, थेट आत नेऊन देणार आहे. त्याबद्दल निघणाऱ्या नोटिशीचा खुलासा म्हणून हाच अर्ज दाखल करून घ्यावा.

सोबत : पाच अहवाल, नोटिशीची प्रत.

दिनांक : शनिवार, कार्यालय बंद होण्यापूर्वी.

आपला आज्ञाधारक, सोमवार सकाळपर्यंत,
(सही)
नमुना वाहक